सावडीचा दिवस

मे अर्धा उलटून गेला तरी सगुणाबाईचा राब पेटला नव्हता, आणि पाड्यात ते विचारणारंही कोणी उरलं नव्हतं.

कुळगावच्या पलीकडं, नदीच्या अंगाला त्यांचा पाडा. पूर्वी या दिवसांत टावळीच्या डोंगरापर्यंत जिकडंतिकडं राबाचा धूर दिसायचा. आता धूर येतो तो कंपन्यांचा, आणि तो बारा महिने येतो. सगुणाबाईची भाताची खाचरं एकेक करून गेली. एक रस्त्यानं खाल्लं. दोन बिल्डरनं खाल्ली, तिथं आता टॉवर आहेत आणि टॉवरच्या खिडकीतून बायका हिच्या म्हशीचे फोटो काढतात. चौथ्यात पोरानं पत्र्याच्या खोल्या ठोकल्या. जांभळीखालचं एक तेवढं शिल्लक होतं. दरसाल त्यात ती शेण-पाचोळा पसरून राब भाजायची, त्या राखेत भाताचं रोप करायची, दोन-चार पोती भात काढायची. घरात कोणाला त्या भाताची गरज नव्हती. तिला होती.

त्या सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती खाचरात उतरली आणि थांबली. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. चौकोनाला चौकोन लागून.

"अल्पेश," तिनं तिथूनच हाक मारली. "ही रांगोली कोनी घातली रं?"

अल्पेश चाळीच्या टाकीवर टँकरचा पाइप लावत होता. मागं न बघता म्हणाला, "आखणी हाय, आई. सेठचा मानूस येऊन गेला काल. वीस खोल्या बसतात. पुढल्या महिन्यात नव्या फॅमिल्या येताहेत तिकडून."

"आनि राब?"

"राब कसला घेऊन बसलीस. तांदूल मॉलमधे भेटतो, पॅकिंगमधे."

"तांदूल भेटतो. राब भेटतो कं?"

ओटीवरच्या खाटेवरून चंदर खोकत हसला. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत त्याची छाती गेली होती, पण जीभ घरी आली होती. "विचार त्याला," तो बायकोला म्हणाला, "मॉलमधे बाप भेटतो का. ह्यो जुना झाला, बदलून घे म्हनावं."

अल्पेश हसला नाही. सगुणाबाईनं पाटी फक्कीच्या रेघेवर उपडी केली आणि दुसरी आणायला गेली.

*

पत्र्याच्या खोल्यांत राहत होती ती माणसं सिंधहून आलेली. म्हणजे पाकिस्तानातून. हिंदू. तिथं जगणं अवघड झालं म्हणून घरदार टाकून, व्हिसा काढून आली होती, आणि इथं राहू द्या म्हणून सरकारकडं अर्ज करून बसली होती. अर्ज सरकारकडं, पण माणसं मधुसेठकडं.

मधुसेठचं ऑफिस शहाडला. पाटीवर 'सेवा' लिहिलेलं. माणूस गाडीतून उतरला की सेवेला सुरुवात. खोली सेठची, म्हणजे अल्पेशकडून घेऊन सेठनं वर चढवून दिलेली. पाणी ड्रमावर, ते अल्पेशच्या टँकरचं. अर्ज लिहिणारा सेठचा, फोटो काढणारा सेठचा, पोलीस ऑफिसात हजेरीला नेणारी गाडी सेठची. पुरुषांना उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यात लावायचं, बायकांना खोलीत जीन्सचे गठ्ठे टाकायचे. धागा कटिंग. शिवून आलेल्या पँटीचे सुटे धागे कापायचे. मजुरी सेठ द्यायचा आणि खोली, पाणी, गाडी, अर्ज यांच्यापोटी सेठच कापून घ्यायचा. पासपोर्टसुद्धा त्याच्याच कपाटात. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही असा सरकारचा नियम होता. सेठनं त्यांना तो समजावला तो असा, की सेठच्या परवानगीशिवाय खोली सोडायची नाही.

आसरा मागायला आलेल्या माणसाइतकं गुणी गिऱ्हाईक दुसरं नाही. ते भाव करत नाही, पावती मागत नाही, भांडत नाही. वरून पाया पडतं.

आणि सगुणाबाईच्या घरात या सगळ्याचं काय येत होतं? ओटीला नवी लादी आली होती. चंदरच्या छातीचं मशीन आलं होतं. सून जिज्ञासा पाण्याच्या ड्रमांचे पैसे गोळा करायची आणि त्यातून तिनं शिलाई मशीन घेतलं होतं. सगुणाबाई त्या लादीवर रोज बसत होती. खोटं कशाला सांगा.

*

दुपारी मधुसेठ स्वतः आला. पांढरी गाडी बांधावर उभी करून, हातात मिठाईचा बॉक्स घेऊन. गोरा, हसरा माणूस. आला की आधी चंदरच्या पायाला हात लावायचा.

"वडी साईं, काका, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत म्हनते, सेठला विचार कवा सोडतोस," चंदर म्हणाला.

सेठ मोठ्यांदा हसला. मग सगुणाबाईकडं वळला. "मावशी, अल्पेश बोलला, तुम्ही नाराज आहात. अरे पुण्याचं काम आहे. बिचारे सब छोडके आलेत. माझे आजोबा पण असेच आले, फाळणीत. इथंच कॅम्पात, बराकीत, एका पडद्याआड एक फॅमिली. कुणीतरी हात दिला तेव्हा आम्ही उभे राहिलो. आता आपली बारी."

सगुणाबाईच्या सासऱ्यानं त्या बराकी पाहिल्या होत्या. तो टोपलीतून वालाच्या शेंगा विकायला जायचा तिथं आणि सांगायचा, अगं ती माणसं कशीही असोत, दुसऱ्या दिवसापासून काहीतरी विकायला बसायची. गोळ्या, पापड, सुया. कोणापुढं हात नाही. ही गोष्ट तिला आठवली आणि सेठचा बॉक्स तिनं जिज्ञासाकडं सरकवला.

चाळीतली जमना तेवढ्यात रिकामी बादली घेऊन ओटीखाली येऊन उभी राहिली. तिशीतली, उन्हानं रापलेली, नाकात मोठी फुली. ओढणी कपाळापर्यंत.

"साईं," ती सेठला म्हणाली, "हमारे पासपोर्ट चाहिए थे. अंबरनाथ में, उधर पश्चिम में मेरी मासी के बेटे ने कमरा देखा है. दफ्तर में पता बदलवाना है. कागज के बिना वो सुनते नहीं."

सेठचं हसू जागच्या जागी राहिलं. "जमना, तेरे कागज मेरे पास संभालके रखे हैं. फिकर मत कर. पत्र्याच्या खोलीत उंदीर आहेत, पाऊस येईल, भिजतील. मी जपून ठेवलेत, मावशी, लॉकरमधे." मग आवाज खाली आणून, "आणि मासीचा बेटा तुझी हजेरी करणार का? पोलीस उचलून बॉर्डरवर टाकतील, मग मला नको बोलू."

जमनानं मान खाली घातली. बादली तशीच रिकामी घेऊन गेली.

जाताना सेठ अल्पेशच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत गेला. सगुणाबाईला एवढंच ऐकू आलं, "आईला सांभाळ. तिला खेळू दे दोन दिवस शेत शेत. माणसं दे हवं तर मदतीला."

*

अल्पेशनं तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमना आणि तिच्या शेजारच्या खोलीतली आणखी एक बाई खाचराच्या बांधावर हजर.

"भाऊ ने भेजा, अमां," जमना म्हणाली. "बोला, आज बंडल मत लो, अमां के खेत में जाओ."

अल्पेश मोटरसायकलवरून ओरडला, "आई, मजुरी-बिजुरी नको देऊ ह्यांना. आपलीच मानसं हायेत. सेठ बघेल." आणि गेला.

इथंच अल्पेशचं चुकलं. त्याला वाटलं, फुकटची माणसं लावून दिली, आई खूश. आईच्या हिशोबात फुकट असं काही नव्हतं. शेतात दुसऱ्याच्या घरचा माणूस मजुरी न घेता राबला तर ती सावड. आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. पैसे देऊन ती फिटत नाही, दिवसाला दिवसच द्यावा लागतो. तिची सासू म्हणायची, सावडीचा दिवस अंगावर घेऊन मेलं तर पुढल्या जन्मी त्या घरचा बैल व्हावं लागतं.

सगुणाबाईनं जमनाला हातात खुरपं दिलं. "शेत केलंस कधी?"

जमना हसली. पहिल्यांदाच. दात एकदम पांढरे. "अमां, हम लोग जमींदार के हारी थे. चावल ही लगाते थे. आधा उसका, आधा हमारा बोलता था. हिसाब के दिन सब उसका."

"इकडं पन तसंच हाय," सगुणाबाई म्हणाली. "फक्त चावल नाय."

तिघींनी दिवसभर काम केलं. शेणाच्या खांडोळ्या फोडून पसरल्या. त्यावर ऐन-किंजळीचे टहाळ, मग पाचोळा, मग पेंढा. सगुणाबाई पायानं दाबत चालायची आणि मागून त्या दोघी बारीक माती पखरत यायच्या. जमनाच्या मुलखात असा राब भाजत नसत. ती विचारत होती, माती वरून कशाला?

"राब पलाला नाय पायजे. चालला पायजे," सगुणाबाई म्हणाली. "वाऱ्याच्या पाठीवर पेटवला तर धावतो, वरवर जलतो, खाली जमीन कच्चीच. म्हनून वाऱ्याच्या तोंडावर पेटवायचा. मग तो दम घेत घेत येतो. खाली सगलं भाजून काढतो, तन, किडा, बी, सगलं."

दुपारी जांभळीखाली बसून त्यांनी भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. जमनानं सुकट नाकाशी नेली, बाजूला ठेवली, मग परत उचलून खाल्ली. तिच्या बोटांकडं सगुणाबाईचं लक्ष गेलं. आंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधली कातडी फाटून निळी झालेली. जीन्सचा रंग जखमेत उतरलेला.

"हे धुतंस कं नाय?"

"धोने से नहीं जाता. साजन का तो पैर पूरा नीला है." साजन म्हणजे तिचा नवरा, धुलाईच्या कारखान्यात रात्रपाळीला. "छोटी हँसती है. बोलती है, बाबा भगवान हो गए."

सगुणाबाई हसली नाही. म्हणाली, "उद्या मी येते."

"कहाँ?"

"तुझ्याकडं. कामाला. आजचा दिवस फेडायला."

जमनाला वाटलं म्हातारी थट्टा करते. तिनं नको नको म्हणून हात जोडले. "मालकिन होके आप..."

"मालकीन घरात. सावडीत कोन मालकीन?"

*

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई पदर खोचून जमनाच्या खोलीत जाऊन बसली. तिच्या पोरानं ठोकलेली खोली. तिनं आजवर तिचा उंबरा ओलांडला नव्हता.

पत्रा डोक्यावर हातभर. सकाळीच तापायला लागला होता. खिडकी म्हणून पत्र्यात कापलेला चौकोन, त्यालाही जाळी. मध्ये जीन्सचा ढीग, आणि ढिगाला एक वास, आंबट, डोळ्यांत जाणारा. जमनानं तिच्या हातात छोटं कटर दिलं, कडी बोटात घालायची तसलं. पँट उलटी करायची, शिवण बोटानं चाचपायची, धागा दिसला की कच्च. सुलटी करायची, खिसे, लूप, मोहरी, कच्च कच्च. झाली की डावीकडं. शिवण कापली गेली तर पँट बाद आणि बाद पँटीचा दंड.

तासाभरात सगुणाबाईच्या कमरेनं तिला आई आठवायला लावली. शेतात माणूस वाकतं, उठतं, वारा लागतो, कोणी गाणं म्हणतं. इथं नुसतं बसायचं. घाम हनुवटीवरून पँटीवर पडायचा आणि निळा व्हायचा. धाग्याचा भुगा नाकात, ओठांवर. एकदा ती उठून ड्रमातलं पाणी घ्यायला गेली तर जमनानं अर्धाच पेला भरून दिला, आणि मग लाजून पूर्ण भरला. तेव्हा सगुणाबाईला कळलं की हे पाणी तिच्या घरून विकत आलेलं आहे. ती अर्धाच पेला प्यायली.

दुपारी सेठचा माणूस कल्पेश माल बघायला आला. कानात इअरफोन, अंगावर सेंट. दारातच उभा राहून त्यानं गठ्ठ्यातली वरची पँट उचलली, आतली शिवण पाहिली.

"ये किसने किया? ए बुढ्ढी, तूने?"

सगुणाबाईनं मान वर केली. तोंडावर निळा भुगा, पदर डोक्यावरून. त्यानं ओळखलं नाही. नवीन आलेल्यांपैकी कोणी असेल असं समजला.

"आंधळी हाय काय? एवढा धागा राहिला." त्यानं ती पँट तिच्या मांडीवर फेकली. बक्कल गुडघ्याला लागलं. "तुम लोगों को रोटी देते हैं वही गलती है. वापस जाओ ना फिर. कौन बुलाया था?"

जमना मध्ये बोलायला उठली. सगुणाबाईनं तिचा हात धरून खाली बसवलं. पँट उलटी केली. राहिलेला धागा कापला. पँट घडी करून कल्पेशच्या हातात दिली.

"झाला," ती म्हणाली.

तिचं मराठी ऐकून कल्पेशनं एक इअरफोन काढला. नीट पाहिलं. तोंडावरचा रंग उतरला. "काकी... तुम्ही... मला माहीत नव्हतं..."

"तुला माहीत असतं तर मंग कोनाच्या अंगावर फेकला असतास? हिच्या?"

तो पँट घेऊन मागं फिरला. सगुणाबाई संध्याकाळपर्यंत बसली. दिवस पुरा झाल्याशिवाय सावड फिटत नाही.

*

घरी गेली तेव्हा अल्पेश तयारच होता. बातमी टँकरच्या आधी पोचली होती.

"माझी इज्जत काढलीस. सेठचा फोन आला. मालकाची आई भाडेकरूकडं धागे कापते. लोक काय बोलतील?"

"लोक बोलतील, चंदरची बायको सावड फेडते. आनि काय बोलतील?"

"सावड, सावड. ते काय गावचे हायेत?"

"गावचा कोन राहिलाय रं? टॉवरमधले गावचे? तू गावचा? तुझा शेत दाखव मना."

अल्पेश उंबऱ्यावर बसला. तोही काही राक्षस नव्हता. पत्र्यासाठी उचललेल्या कर्जाचे हप्ते त्याच्या डोक्यावर होते. "आई, ऐक," तो हळू बोलला. "सेठ सगल्या फॅमिल्या उचलून दुसरीकडं नेईल. मग ह्या रिकाम्या खोल्यांत काय म्हशी बांधू? आणि ती जमना डोकं वर काढते म्हणून सेठ तिला उद्याच हलवतोय. वांगणीच्या पुढं त्याचं गोडाऊन हाय, तिकडं. टेंपो माल भरायला येईल, त्यातच जाईल ती, पोरीला घेऊन. तुझ्यामुलं झालं हे."

सगुणाबाई हात धूत होती. निळं पाणी लादीवरून वाहिलं. साबणानं जाईना, मग राखेनं घासलं. तरी जाईना.

"गोडाऊनात पोर ठेवनार?" जिज्ञासा आतून म्हणाली. तिच्या कडेवर स्वतःचं पोर होतं.

चंदर खाटेवर उठून बसला. मशीनची नळी नाकातून काढली. "जमीन कोनाच्या नावाला हाय, अल्पेश?"

"तुमच्या."

"मी मेलोय कं?"

अल्पेश उंबऱ्यावरून उठला.

"मंग खोल्या तुझ्या, खाचर माझा. आनि खाचरात कं करायचा ते तुझी आई सांगल." एवढं बोलून त्यानं नळी परत लावली, कारण पुढचं बोलायला हवा नव्हती.

अंधार पडायच्या आत सगुणाबाई पाड्यातल्या चार घरी जाऊन आली. या चौघींच्या शेतात ती एके काळी वाकली होती आणि त्या हिच्या. महिपतीची बायको टीव्ही बघत बसली होती. म्हणाली, "अगं आता कसली सावड? माझा शेत विकून अकरा वर्सं झाली."

"माझा एक दिवस तुझ्यावर हाय. तू बालंतीन होतीस तवाचा. आवनीचा, भात लावायचा."

"मना आठवत नाय."

"मना आठवतो," सगुणाबाई म्हणाली, आणि पुढल्या घराकडं निघाली.

*

सकाळी टेंपो आला. चाळीकडं जायला एकच वाट होती. अल्पेशनंच बांध फोडून जांभळीखालच्या खाचराच्या मधून पाडलेली. टेंपो त्या वाटेनं आत गेला, कल्पेश मागून मोटरसायकलवर. गठ्ठे भरायला सुरुवात झाली. रात्रपाळीहून आलेला साजन दारात उभा होता, निळ्या पायांवर, हातात गुंडाळलेली वळकटी. जमनाची पोर फ्रॉक घालून, केस विंचरून तयार. तिला कोणीतरी सांगितलं होतं की आपण गाडीत बसून फिरायला चाललोय.

तेव्हा खाचरात बायका उतरल्या. महिपतीची बायको सगळ्यात पुढं, गाऊनवर टॉवेल टाकून, तोंडानं बडबडत, "बालंतीन होते म्हने. तवाचा लक्षात ठेवलाय मेलीनं." पण डोक्यावर पेंढ्याचा भारा होता. चौघींना बोलावलं होतं, तिघी आल्या.

राब खाचरभर पसरलेला होताच, फक्त चाकांची वाट मोकळी होती. बायकांनी त्या वाटेवर शेण टाकलं. टहाळ टाकले. पेंढा टाकला. वर माती पखरली. फोडलेल्या बांधापासून त्या बांधापर्यंत. फक्कीची रेघ आता कुठं दिसत नव्हती.

जिज्ञासा टँकरचा पाइप ओढत आली. तिनं चाळीच्या बाजूचा बांध भिजवायला घेतला. राब खोल्यांकडं सरकू नये म्हणून बांध भिजवावा लागतो. तिनं तो गच्च भिजवला.

"आज पान्याचा काय लावशील गो?" सगुणाबाईनं विचारलं.

"तुमच्याकडून नंतर घेईन, आई," जिज्ञासा म्हणाली. "दिवसाला दिवस."

वारा नदीकडून वर येत होता. सगुणाबाई वरच्या टोकाला गेली, वाऱ्याकडं तोंड करून बसली, काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. पेंढ्याखाली पिवळं काहीतरी हललं आणि धूर उठला, जाड, पांढरा.

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. कल्पेश धावत आला. "काकी, गाडी निघायची आहे. माल आज पोचला नाही तर सेठ मारून टाकेल मला."

"राब पेटलाय, बाबा. पेटलेला राब विझवत नसतात."

"किती वेळ चालणार?"

"चालल निवांत. माती जास्त टाकलीय आज."

अल्पेश आला, धुरात उभा राहिला. आईकडं पाहिलं, बायकोच्या हातातला पाइप पाहिला, ओटीवर काठी टेकून उभा राहिलेला बाप पाहिला. हात कमरेवर ठेवले, मग काढले. बांधावर जाऊन बसला. त्यानं आग विझवली नाही, एवढं त्याच्या नावावर लिहा.

मधुसेठची पांढरी गाडी आली ती रस्त्यावरच थांबली. सेठ रुमाल नाकाला लावून बांधापर्यंत आला. आज पायाला हात लावणं नाही.

"मावशी, ये क्या तमाशा है? माझा माल आहे आत."

"हाय ना," सगुणाबाई म्हणाली. धुरानं डोळे गळत होते, ते तिनं निळ्या बोटांनी पुसले. "जपून ठेवलाय. फिकर नका करू. उंदीर नाय, पाऊस नाय."

सेठला समजायला क्षण लागला. मग त्याचं तोंड उतरलं. "असं करू नका. मी या लोकांसाठी किती केलंय तुम्हाला माहीत नाही. मी नसतो तर रस्त्यावर असते."

"तुमचे आजोबा आले तवा त्यांचे कागद कोनाच्या कपाटात होते, सेठ?"

सेठनं रुमाल नाकावरून काढला.

"सगल्यांचे आना. एका घरचे नाय. खोल्या खोल्यांचे. तवर राब पन झाला असल."

"पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. मी पन सांगते त्यांना, कागद कोनाकडं हायेत ते. त्यांना पन बघू द्या कपाट."

चाळीच्या दारादारांत माणसं येऊन उभी होती. इतके दिवस जी नजर खाली असायची ती सेठच्या चेहऱ्यावर होती. कोणी घोषणा दिली नाही, कोणी हात उचलला नाही. नुसती बघत होती. जमना ओढणीचं टोक दातांत धरून त्या सगळ्यांच्या पुढं येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागं साजननं वळकटी जमिनीवर ठेवली.

सेठनं फोन काढला. मग कल्पेशला खूण केली आणि गाडीच्या-कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा फेकला. कल्पेशला मोटरसायकल काढता येईना, ती राबाच्या आत अडकली होती. तो चिखलातून, भिजलेल्या बांधावरून, सँडल हातात धरून रस्त्यापर्यंत आला आणि सेठची गाडी घेऊन शहाडकडं गेला.

राब चालत होता. घाई नाही. मागं काळी राख, मधे लाल कड, तिच्या पुढं अजून कोरडा पेंढा. बायका बांधावर बसून चहा प्यायल्या. महिपतीची बायको म्हणाली, "लई वर्सांनी ह्यो वास आला गो," आणि नाक पुसलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कल्पेश परतला. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी. पिशवीत पासपोर्ट, रबरानं बांधलेले. सेठ हात पुढं करत होता, पण सगुणाबाईनं पिशवी घेऊन सरळ जमनाकडं दिली. जमना अक्षर ओळखत नव्हती. ती फोटो बघत होती आणि नाव घेऊन एकेकाला हाक मारत होती. माणूस पुढं यायचा, पासपोर्ट घ्यायचा, छातीला लावायचा, कोणी कपाळाला. शेवटी पिशवी रिकामी झाली आणि जमनाचा हात आतच राहिला.

"साजन का नहीं है, अमां."

"दफ्तरमधे दिलाय हजेरीला," सेठ घाईनं म्हणाला. "उद्या आणून देतो. कसम से. आता गाडी सोडा. मग मी या चाळीकडं पुन्हा बघणार पण नाही. ना भाडं, ना माणसं. समजलं अल्पेश?"

अल्पेशनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. पुढल्या हप्त्याचं काय, हे त्यालाच ठाऊक.

राब टेंपोच्या वाटेवरून पलीकडं सरकला होता. मागची राख अजून गरम होती, पण चाकं जातील इतकी निवली होती. सगुणाबाई उठली. गुडघा दुखत होता, बक्कल लागलेला तोच. ती टेंपोपाशी गेली, मागच्या फळीवर हात टाकला आणि वरचे दोन गठ्ठे खाली ओढले. मग बाकीच्या बायकांनी आणखी काढले. ते तिनं जांभळीखाली रचायला लावले आणि त्यावर जाऊन बसली.

"हे काय?" सेठ म्हणाला.

"उद्या साजनचा घेऊन या," सगुणाबाई म्हणाली, "तवर एवढे माझ्याकडं राहतील. जा, गाडी न्या. जमीन गरम हाय, हलू चालवा."